सरकत्या दारांचें जोडकपाट

आजच्या भाषणाचा विषय अगदीं घरगुती आहे. सुट्या फळ्यांच्या रूपानें खोक्यांतून घरीं येणारीं कपाटें एकास एक जोडून उभीं केल्यावर त्यांस सरकतीं दारें कशीं बसवावीं, एवढाच काय तो प्रश्न. प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांतून राहणाऱ्या किती तरी कुटुंबांत या एका कामापायीं रविवारची सबंध दुपार खर्चीं पडलेली असते, पतिपत्नींत दोन दिवसांचा अबोला धरला गेलेला असतो, आणि इतकें होऊनहि ज्या दारासाठीं ही सारी यातायात केली तें दार एका कोपऱ्यांत अडतें तें अडतेंच.

अशा वेळीं घरोघरीं एकच निकाल दिला जातो : दार वांकडें आलें. दुकानाकडून आलेला तरुण कामगारहि बहुधा तीच री ओढतो. "काका, रूळच वांकडा आलाय, त्याला आपण काय करणार?" असें म्हणून तो पेचकस-हातोडी गोळा करतो आणि वाटेला लागतो. वस्तुतः दार आणि रूळ हे दोघेहि बहुतेक वेळां निर्दोष असतात. कारखान्यांत यंत्रावर कापलेली वस्तु मापांत सहसा चुकत नाहीं. चुकते ती घरांतील फरशी, चुकते ती भिंत, आणि सर्वांत अधिक चुकतो तो उभारणीचा क्रम. दार ती चूक चारचौघांत बोलून दाखवितें, इतकेंच.

बिजागरीचें दार सोशिक असतें. तें ज्या उभ्या फळीला लटकतें तिच्याबरोबरच झुकतें. फळी थोडी कलली तर दारहि तितकेंच कलतें, आणि दोघांचें व्यंग एकमेकांच्या आड झांकून जातें. शेजारचें कपाट निराळ्या बाजूस कललें असलें तरी त्याचें दार निराळें आणि त्याच्या बिजागऱ्याहि निराळ्या. सरकत्या दाराचें तसें नाहीं. तें कोणा एका कपाटाचें नसतें. दोन्ही कपाटांच्या माथ्यावर टाकलेल्या एका सलग रुळावर तें धांवतें. एका टोकाच्या उभ्या फळीपासून निघून मधल्या जोडफळ्यांवरून तें पलीकडे जातें, आणि त्याची सरळ कड वाटेंतील प्रत्येक उभ्या फळीशीं ताडून पाहिली जाते. दाराच्या दृष्टीनें तीं दोन कपाटें नव्हेतच. तें एक कपाट आहे. आणि सुट्या फळ्यांपासून झालेल्या दोन कपाटांचें असें एक कपाट करणें हेंच या कामांतलें खरें काम होय. दारें चढविणें हा त्याचा शेवटचा अर्ध्या तासाचा भाग.

सुट्या भागांचें सामान ही कल्पना लोक समजतात तितकी नवी नाहीं. मायकेल थोनेट या कारागिरानें वाफेनें लांकूड वांकवून १८५९ सालीं जी १४ क्रमांकाची खुर्ची बाजारांत आणली, तशा ३६ खुर्च्या सुट्या करून एक घनमीटर मापाच्या पेटींत बसत आणि दूरदेशीं जात. स्वीडनमध्यें इंग्वार काम्प्राड यांनीं १९४३ सालीं स्थापन केलेल्या आयकिया कंपनीनें १९५६ पासून चपट्या खोक्यांत मावणारें सामान विकण्यास प्रारंभ केला. तिचें भारतांतील पहिलें दुकान २०१८ सालीं हैदराबादेस निघालें आणि २०२० च्या डिसेंबरांत नवी मुंबईंत तुर्भें येथें दुसरें. देशी कारखानदारहि याच धर्तीवर कपाटें करतात. सरकतें दार तर याहूनहि पुष्कळ जुनें आहे. जपानी घरांतील कागद लावलेलीं हलकीं दारें लांकडी खांचणींतून पिढ्यान्‌पिढ्या सरकत आलीं आहेत. तेथें वरची खांचणी खोल आणि खालची उथळ ठेवतात, म्हणजे दार वर उचलून त्याची खालची कड ओढली कीं तें अलगद निघतें. मुंबईकराला सरकत्या दाराची ओळख करून द्यावयास नको. लोकलच्या डब्याचें दार त्यानें पुष्कळदां पाठीनें रेटलेलें असतें.

हें दार घरांत आलें तें मुख्यतः जागेच्या टंचाईमुळें. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी निजण्याची खोली घ्यावी. पलंगाची लांबी चौकटीसह साडेसहा फूट धरली आणि कपाटाची खोली दोन फूट, म्हणजे मध्यें दीडच फूट उरतो. त्या दीड फुटांत दीड फुटाहून रुंद असें बिजागरीचें दार उघडणार कसें? सरकत्या दाराला पुढें जागा लागत नाहीं. मात्र तें अगदींच फुकट मिळतें असेंहि नव्हे. दोन दारें एकमेकांसमोरून जावयाचीं म्हणजे दोन रूळ हवेत, आणि त्यांच्यासाठीं कपाटाच्या तोंडाशीं सुमारें ७ ते ८ सेंटिमीटर जागा जाते. ५८ सेंटिमीटर खोलीचें कपाट दारांसह ६६ सेंटिमीटरांचें होतें. दिव्याचें बटण, खिडकीची चौकट, खोलीच्या दरवाजाचा उघडण्याचा फेर, हीं सारीं या वाढत्या मापानें तपासावीं. रिकाम्या कपाटाच्या मापानें नव्हे.

दुसरा हिशेब दारांच्या संख्येचा. तो कागदावर अगोदर न केल्यामुळें पुढें पुष्कळांस हळहळ वाटते. दोन दारें मिटलीं असतां मध्यें थोडीं एकावर एक यावीं लागतात, नाहींतर फटींतून आंतले कपडे दिसतात. दोन कपाटें मिळून रुंदी २०० सेंटिमीटर आणि दारांची आडवी मिठी ५ सेंटिमीटर धरली, तर प्रत्येक दार साडेएकशेदोन सेंटिमीटरांचें हवें. हीं दोन्ही दारें डाव्या अंगास सारलीं कीं उजवें कपाट मोकळें झालें असें वाटतें. परंतु दाराची कड मध्यरेषेच्या अडीच सेंटिमीटर पलीकडे आलेली असते. तेथें १८ मिलिमीटर जाडीची उभी फळी आहे असें धरलें तरी कड कपाटाच्या पोकळींत ७ मिलिमीटर डोकावते. कपडे काढावयास त्यानें कांहीं बिघडत नाहीं, पण पूर्ण रुंदीचा खण तेवढ्यावर अडतो. म्हणूनच सरकत्या दारामागील खण थोडे अरुंद करून त्यांच्या पट्ट्या उभ्या फळीपासून आंत घेतात. खण बिजागरीच्या दाराच्या मापाचे आणि दार सरकतें, अशी मिसळ केली तर रोज सकाळीं खणाचा कोपरा दारावर आपटावयाचा.

तीन कपाटें आणि दोन दारें हा बेत तर करूंच नये. त्यांत प्रत्येक दार दीड कपाट झांकतें. तीं डावीकडे सारा, उजवीकडे सारा किंवा मध्यें आणा. मधलें कपाट पुरतें उघडें असें कधींच होत नाहीं, कारण त्याच्या दोन्ही अंगांस उरणारी जागा दाराच्या रुंदीहून कमी असते. मधल्या कपाटांत खण बसविले असतील तर ते जन्मभर अर्धवट उघडावे लागतील. तीन कपाटांना तीन दारें हवींत : दोन एका रुळावर आणि मधलें दुसऱ्यावर.

आतां उभारणी. छापील पत्रकांत बहुधा कपाट जमिनीवर आडवें ठेवून जोडावें आणि मग उचलून उभें करावें असें चित्र असतें. तसें करण्यापूर्वीं छताची उंची मोजावी. कपाट उभें होतांना त्याचा सर्वांत उंच भाग म्हणजे त्याची उंची नव्हे, तर बाजूच्या फळीचा कर्ण होय. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत सांगितलेला आणि शाळेंत पायथॅगोरसच्या नांवानें शिकविला जाणारा सिद्धांत येथें घरांत उपयोगीं पडतो. कपाट २३६ सेंटिमीटर उंच आणि ५८ सेंटिमीटर खोल असेल तर तो कर्ण २४३ सेंटिमीटर येतो. छत २४० सेंटिमीटरांवर असेल, किंवा वाटेंत तुळई, पंखा अथवा शोभेचें खालीं घेतलेलें छत असेल, तर कपाट उभें राहिल्यावर मावेल खरें, पण उभें राहणारच नाहीं. अशा घरीं तें उभ्यानेंच जोडावें लागतें, आणि त्या कामास दोन माणसें हवींतच. २०१ सेंटिमीटर उंचीच्या कपाटाचा हाच कर्ण सुमारें २०९ सेंटिमीटर आहे. त्याला सहसा अडचण येत नाहीं.

या फळ्या बहुधा अखंड लांकडाच्या नसतात. लांकडाच्या चुऱ्यांत राळ मिसळून, तो दाबून केलेली ती फळी, म्हणजे पार्टिकल बोर्ड. ती सरळ असते, स्वस्त असते, पण तिचे दोन स्वभाव ओळखून वागावें लागतें. एक, तिच्यांत पेंच एकदां घसरला कीं त्या भोकांत तो पुन्हां नीट धरत नाहीं. म्हणून शेवटचे दोन-तीन आटे यंत्रानें नव्हे, हातानें फिरवावे. दुसरा, तिला पाण्याचें वावडें आहे. वरून तिला गुळगुळीत कागदी किंवा प्लॅस्टिकचें कवच असतें, परंतु खालची कड पुष्कळदां उघडी राहते. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्यानें पुसण्याची चाल. ती कड तें पाणी पिते आणि फुगते. फुगलेली फळी वाळली तरी पूर्वीच्या मापावर येत नाहीं. कपाटाला पाय असतील तर उत्तम. नसतील तर उभें करण्यापूर्वींच खालच्या कडांस व्हार्निशचा वा तैलरंगाचा जाड हात द्यावा. ही गोष्ट मागाहून करतां येत नाहीं.

पाठीचा पातळ पुठ्ठा ही या कपाटांतील सर्वांत उपेक्षित वस्तु. भिंतीकडेच तर जाणार, मग चार खिळे कमी मारले म्हणून काय झालें, असें कामगार म्हणतो. पण कपाटाचा काटकोन राखणारी तीच एक वस्तु आहे. चार काड्यांची चौकट करून कोपऱ्यांत टांचण्या टोंचल्या तर ती चौकट बोटानें ढकलली तरी तिरकी होते. तिकोनी चौकट होत नाहीं. पाठीचा पुठ्ठा खिळ्यांनीं घट्ट बसला कीं तो चौकटीला असंख्य तिरप्या काड्यांचें काम देतो. म्हणून पाठ ठोकण्यापूर्वीं कपाटाचे समोरासमोरचे कोपरे दोरीनें वा फितीनें मोजावे. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे चौकट काटकोनांत आहे. १०० सेंटिमीटर रुंद आणि २३६ सेंटिमीटर उंच कपाटाचा कर्ण सुमारें २५६ सेंटिमीटर भरतो. त्याचा माथा एका बाजूस केवळ ५ मिलिमीटर ढळला, तर दोन कर्णांत सुमारें ४ मिलिमीटरांचा फरक पडतो. चार मिलिमीटर फितीवर सहज वाचतां येतात. आणि वाचले नाहींत तर दार बसल्यावर त्याच्या कडेशीं पाचरीच्या आकाराची फट होऊन तेच पुन्हां दिसतात. कर्ण जुळल्यावर खिळे मारावे, आणि पत्रकांत दाखविले असतील तेवढे सर्व मारावे.

यानंतर पाणसळ. घराची फरशी सपाट असते अशी एक समजूत आहे. गोटी सोडून पाहिली तर ती समजूत टिकत नाहीं. फरशीला गॅलरीकडे किंवा न्हाणीघराकडे थोडा उतार मुद्दाम दिलेला असतो, आणि थोडा गवंड्याच्या हातून सहज आलेला असतो. मीटरामागें ५ मिलिमीटर उतार डोळ्यांस दिसत नाहीं. दोन मीटरांच्या जोडकपाटांत त्याचा एक सेंटिमीटर होतो. अशा रुळावर चांगल्या चाकांचें दार आपण होऊन उताराकडे सरकूं लागतें, आणि रात्रीं मिटलेलें कपाट सकाळीं दोन बोटें उघडें सांपडतें. घरांतील वडील माणसांस मग मांजराचा संशय येतो.

जेथें कपाट उभें करावयाचें त्या जागेंतला सर्वांत उंच बिंदु प्रथम शोधावा. तेथील पाय सर्वांत खालीं ठेवून बाकीचे त्याच्या बरोबरीस वर आणावे. याच्या उलट करूं गेल्यास अर्ध्यांत पाय संपतो. पायांस फिरकी नसेल तर पातळ पाचरी घालाव्या, पण त्या प्लॅस्टिकच्या वा लांकडाच्या. वर्तमानपत्राची घडी घालण्याची आपली जुनी संवय येथें नडते, कारण पुसण्याच्या पाण्यानें ती घडी मऊ पडते आणि महिन्याभरांत कपाट पुन्हां कलतें. पाणसळ ठेवतांना ती एकदां सरळ आणि एकदां टोकें उलट करून ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळां एकाच जागीं थांबला तर पाणसळीवर विश्वास ठेवावयास हरकत नाहीं. हातभर पाणसळ दोन मीटरांच्या माथ्यावर अपुरी पडते. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी असेल तर तिच्यासारखें साधन नाहीं. तिच्या दोन टोकांतील पाणी एकाच उंचीस येतें, मग मध्यें कितीहि अंतर असो. उभ्या फळ्यांसाठीं ओळंबा सोडावा. तो समोरून पाहावा आणि बाजूनेंहि पाहावा.

मग दोन्ही कपाटें जवळ आणावीं. येथें तीन गोष्टी जुळावयास हव्या : माथे एका पातळींत, समोरच्या कडा एका रेषेंत, आणि लगतच्या दोन फळ्यांमध्यें वरपासून खालपर्यंत फट नाहीं. समोरच्या कडा पाहण्यास एक सुतारी युक्ति आहे. दोन टोकांच्या उभ्या फळ्यांवर सारख्या जाडीचे दोन ठोकळे धरून त्यांवरून दोरा ताणावा, आणि तशाच जाडीचा तिसरा ठोकळा मधल्या जोडावर दोऱ्याखालून घालून पाहावा. तो दोऱ्यास ढकलूं लागला तर मधला भाग पुढें आला आहे. दोऱ्याखालीं सैल राहिला तर मागें गेला आहे. हें वर, मध्यें आणि खालीं असें तीनदां करावें. जुळल्यावर दोन्ही फळ्या शिकंज्यानें एकत्र दाबून धराव्या आणि मगच भोकें पाडून जोडपेंच घट्ट करावे. पेंच आवळून फट मिटवूं नये. पेंचानें ओढून आणलेली फळी आपला कल शेजारच्या फळीला देते, आणि मग दोन्ही कपाटांचे काटकोन जातात. शिकंजा नसेल तर सुताराकडून दोन दिवस मागून आणावे. ते कोणीहि देतो.

भिंतीचें काम यापुढचें. दारें चढविण्यापूर्वीं कपाट भिंतीस बांधलेंच पाहिजे, आणि घाईच्या वेळीं नेमकें हेंच "मागाहून पाहूं" म्हणून राहतें. महाराष्ट्रांतील जुन्या घरांतून भिंतींतच खोदलेलें फडताळ असे; तें कोणाच्या अंगावर पडण्याचा संभव नव्हता. खुंटी आणि ट्रंक यांचीहि भीति नव्हती. सुट्या फळ्यांचें उंच कपाट मात्र केवळ आपल्या पायांवर उभें असतें, आणि त्याच्या पुढल्या कडेला दारांचें ओझें लटकत असतें. एक मीटर रुंद आणि २३६ सेंटिमीटर उंच अशा दारास ४ मिलिमीटर जाडीचा आरसा लाविला तर नुसत्या कांचेचेंच वजन साडेतेवीस किलो होतें. दोन दारांचीं चौकट-चाकांसह साठ किलो धरण्यास हरकत नाहीं. एवढ्यानें नीट उभें केलेलें कपाट उलटत नाहीं. पण आंतील खण सगळे उघडून त्यांच्या पायऱ्या करीत एखादें मूल वर चढूं लागलें म्हणजे हिशेब बदलतो. अमेरिकेंत २०१६ च्या जून महिन्यांत सुमारें २ कोटी ९० लाख खणांचीं कपाटें परत मागविण्याची पाळी आली. भिंतीस न बांधलेलीं तशीं कपाटें अंगावर कोसळून लहान मुलें दगावलीं होतीं. तेथें २०२२ च्या डिसेंबरांत कपड्यांच्या खणकपाटांच्या स्थैर्याबद्दल कायदाच करण्यांत आला. ज्या घरांत नातवंडें येतात-जातात त्या घरांत हें काम उद्यावर टाकतां येत नाहीं.

भिंतीस कपाट बांधतांना आडवी येते ती फरशीलगतची पट्टी, जिला स्कर्टिंग म्हणतात. ती सेंटिमीटरभर पुढें आलेली असते, म्हणून कपाट खालीं तिला टेकतें आणि वर भिंतीपासून तेवढेंच दूर राहतें. कामगार वरचा पेंच आवळून हें अंतर मिटवितो. कपाट मागें झुकतें, रूळ मागें झुकतो, आणि ओळंब्यांत लटकणाऱ्या दाराची खालची कड फळीस टेकूं लागते. इतका वेळ खपून साधलेली पाणसळ एका पेंचानें जाते. योग्य रीत म्हणजे त्या अंतराच्या जाडीची लांकडी पट्टी वर भिंतीशीं घालून मग पेंच बसवावा, म्हणजे कपाट ओढलें न जातां आहे तेथेंच धरलें जातें. भिंत कशाची आहे हेंहि आधीं समजून घ्यावें. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतींत प्लॅस्टिकची साधी गिट्टी चालते. अलीकडच्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीला तिच्यासाठींच केलेली निराळी गिट्टी लागते, आणि जिप्समच्या पोकळ भिंतीला आणखी निराळी. बटणाच्या सरळ वर व खालीं विजेच्या तारा असण्याचा संभव फार. न्हाणीघराच्या भिंतींत नळ असतात. त्या ठिकाणीं भोंक पाडूं नये.

एवढें झाल्यावर रूळ. तो दोन्ही कपाटांच्या माथ्यावरून सलग जातो, आणि बसल्यावर तोहि त्यांना एकत्र धरून ठेवतो. रूळ दोन तुकड्यांचा असेल तर सांध्यावरून नख फिरवून पाहावें. नखाला जें लागतें तें चाकालाहि लागतें, आणि दर खेपेस टक् असा आवाज होतो. भोकें पाडतांना उडालेला भुसा व धातूचा कीस कुंचल्यानें झाडून काढावा. पुष्कळ नवीं चाकें याच किसानें पहिल्याच आठवड्यांत खरखरूं लागतात.

दारें दोन माणसांनीं उचलावीं, आणि आंतल्या रुळावरचें दार आधीं चढवावें. बाहेरचें आधीं चढविलें तर आंतल्यास वाट राहत नाहीं. चाकें रुळावर बसल्याचा हातास स्पष्ट अनुभव यावा लागतो. त्यानंतर लगेच, दार सोडण्यापूर्वीं, चाकें उडूं नयेत म्हणून असलेला खटका लावावा. कांहीं जातींच्या दारांत सारें वजन खालच्या रुळावर असतें आणि वरची पट्टी केवळ वाट दाखविते; तेथें दाराची वरची कड आधीं घालून मग खालचीं चाकें बसवितात. अशा खालच्या रुळांत केंस, सुतळ्या आणि कपड्यांचा लव सांचतो, म्हणून ज्या घरांत झाडू कपाटाखालीं नीट पोंचत नाहीं तेथें वरून लटकणारें दार बरें.

आतां दोन्ही दारें मिटून टोकाच्या उभ्या फळीशीं त्यांची कड पाहावी. वर फट अधिक आणि खालीं कमी, किंवा याच्या उलट, असें दिसलें तर चाकाजवळचा पेंच थोडा फिरवून दाराचा तो कोपरा वर वा खालीं घ्यावा. अर्धा आटा फिरवावा, दार दोनदां सरकवावें, पुन्हां पाहावें. हा पेंच दोन-तीन मिलिमीटरांची चूक झांकण्यासाठीं आहे. तो पूर्ण फिरवूनहि फट सारखी होत नसेल तर त्याच्याशीं झगडण्यांत अर्थ नाहीं. दारें उतरवून कपाटांचे कर्ण आणि पाणसळ पुन्हां तपासावी. हें ऐकावयास कठोर वाटतें, विशेषतः संध्याकाळ झाली असतां आणि सारे कपडे पलंगावर पडलेले असतां. परंतु वांकड्या कपाटावर चाकाच्या पेंचानें सरळ केलेलें दार एका टोकास सरळ दिसतें आणि दुसऱ्या टोकास दुप्पट वांकडें.

खालचे मार्गदर्शक खुंट सर्वांत शेवटीं बसवावे, दार कसें लटकतें तें पाहून; दाराला त्यांच्याकडे ओढूं नये. मिटतांना धक्का बसूं नये म्हणून असलेले मऊ अडसरहि याच वेळीं लावावे. दार किती उघडावें हें त्यांच्या जागेवरून ठरतें, आणि खण पुरता बाहेर येतो कीं नाहीं हें प्रत्यक्ष खण ओढून पाहिल्याशिवाय त्यांचे पेंच आवळूं नयेत.

कपडे भरल्यावर कपाटाचें वजन दुपटी-तिपटीनें वाढतें, पाय किंचित् बसतात, मधल्या जोडफळ्या थोड्या सरकतात. त्यामुळें पहिल्या दिवशीं जुळलेली फट पंधरवड्यानें ढळलेली आढळते. तेव्हां घाबरून कामगारास बोलावण्याचें कारण नाहीं. जड वस्तु, म्हणजे पुस्तकें, रजया, जुन्या फायली, या खालच्या कप्प्यांत आणि दोन्ही कपाटांत सारख्या वांटून ठेवाव्या, आणि मग चाकाचा पेंच पुन्हां एकदां पाव आटा फिरवावा. कोंकणपट्टींत आणि मुंबईंत हेंच काम श्रावणाच्या सुमारास पुन्हां पाहावें लागतें. तेव्हां दार उघडून खालच्या कडांवरूनहि बोट फिरवावें. कड जरा जरी फुगीर लागली तरी फरशी पुसणारीस ओल्या फडक्याऐवजीं पिळलेलें फडकें घेण्यास त्याच दिवशीं सांगावें.